भंडारा पुसायचा नसतो

उद्यमनगर, कोल्हापूर
९ नोव्हेंबर २००१

दादा,

जयभीम. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र न उघडताच फाडशील, म्हणून पत्ता शेजारच्या टायपिंगवाल्याकडून घालून घेतलाय. आत मीच आहे, प्रसेनजीत. आयटीआय अर्ध्यात सोडून पळालेला तुझा भाऊ. परत तोंड दाखवू नकोस म्हणाला होतास, म्हणून तोंड न दाखवता लिहितोय.

माझी खुशाली विचारू नकोस, एका प्रश्नाचं तेवढं उत्तर दे. चांगलं अर्थिंग कसं करायचं? घराच्या फिटिंगचं नव्हे. एक सळई जमिनीत जाते, वरनं लई मोठा दाब येतो आणि तो जमिनीनं मुकाट गिळला पाहिजे, तसलं. तू चंदगडला रोज खांबावर चढतोस, तुला विचारायचं नाही तर कुणाला? आयटीआयत हा धडा झाला त्या दिवशी मी म्हशींच्या शर्यती बघायला गेलतो. म्हशीच्या शिंगांना मोरपिसं लावली होती. ते असो.

कशाला पाहिजे ते सांगतो. मी गणपतरावांच्या दुकानात जळलेल्या पंपांचं वाइंडिंग करतो. जुनी तार उपसायची, नवी भरायची. काम बरं आहे, पण दुपारनंतर डोकं ठिकाणावर राहत नाही, मग मी राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत जाऊन बसतो. तिथं डिझेल इंजिनावरनं भरकटत भरकटत एकदा एक पान उघडलं. कुणा परदेशी माणसानं घरबसल्या वीज पाडायचं यंत्र केलंय. टेस्ला कॉइल म्हणतात. माझं इंग्रजी तुला माहीत आहे, पण सर्किटचं चित्र मला वाचता येतं. चित्राखाली जाड अक्षरात बरंच काही लिहिलं होतं, ते सोडून दिलं.

थोडक्यात असं. निऑनच्या पाटीचा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा, तो घरच्या लाईनचे पंधरा हजार व्होल्ट करतो. ते मिठाचं पाणी भरलेल्या बिअरच्या बाटल्यांत साठवायचे. बाटल्या भरल्या की दोन बोल्टांच्या फटीतनं ठिणगी उडते आणि तो सगळा झटका खाली गोल अंथरलेल्या तांब्याच्या नळीतनं पळतो. नळी फ्रिजवाल्याकडची. तिच्या मधोमध पीव्हीसीचा पाईप उभा, त्यावर केसासारखी बारीक तार, शेजारी शेजारी हजारभर वेढे. पोराला झोका देतो ना आपण, तसं आहे हे. झोका परत येतो नेमक्या त्याच वेळी ढकललं तर उंच जातो, वेळ चुकली तर नुसता हात दुखतो. ती वेळ जुळली की पाईपच्या टोकावरनं वीज हवेत सुटते.

माझी सुटली. करंगळीएवढी, जांभळी. गणपतराव चहाचा कप घेऊन दारात उभे होते. म्हणाले, "जित्या, पंप भरायला ठेवलाय तुला का ढग?"

त्याच वेळी केरबा मामा पंख्याची मोटार घेऊन आलेला. हा जत्रेत तंबू लावतो. त्याचा खेळ नागकन्येचा. वर पोरीचं मुंडकं, खाली रबरी साप. पोरगी त्याची भाची, क्रांती. आई-बाप गेल्यापासनं त्याच्याकडंच वाढली. आता घराघरात टीव्ही आलाय, रबरी साप बघायला कोण येणार? तो बराच वेळ माझ्या करंगळीएवढ्या विजेकडं बघत राहिला आणि म्हणाला, "हे पोरीच्या हातातनं काडता येतंय का?"

मी येतंय म्हणालो. कसं ते मला माहीत नव्हतं.

अर्थिंगचं तेवढं कळव.

जित्या


बिद्री
१७ डिसेंबर २००१

दादा,

तुझं उत्तर नाही आलं. मग आठवलं तेवढं मीच केलं. कमरेएवढा खड्डा, त्यात सळई, भोवती कोळसा आणि मीठ. रोज सकाळी त्यात बादलीभर पाणी ओततो. बरोबर केलंय का, एवढं तरी सांगायचंस.

गणपतरावांचं दुकान सोडलं. त्यांनी काढलं म्हण हवं तर. आता केरबा मामाबरोबर आहे. कारखान्याचा हंगाम चालू आहे, रस्त्यावर ऊसगाड्यांची ही रांग, बैलांच्या घुंगरांनी दिवसभर डोकं उठतं आणि सगळ्या गावाला मळीचा वास. आमच्या शेजारी एकजण मशीननं गोंदतो. त्याच्याकडं एका तोडकऱ्यानं बायकोचं नाव गोंदायला सांगितलं आणि अर्ध्यात उठून गेला, दुखतंय म्हणून. आता त्याच्या दंडावर नुसतं 'ता' आहे. बायको तानाबाई.

यंत्र सुधारलं. दोन बोल्टांची फट तापायची आणि ठिणगी चिकटून बसायची, वीज मेल्यासारखी व्हायची. तिथं आता तांब्याच्या नळीचे तुकडे ओळीनं लावले आणि लोहाराचा भाता असतो ना मोटारीवरचा, त्याचं वारं त्यावर सोडलं. ठिणगी झटक्यात तुटते. पाईपच्या डोक्यावर दोन पराती तोंडाला तोंड लावून बसवल्या. परात मोठी केली की झोक्याची वेळ बदलते, मग खालच्या नळीवरचा चिमटा सरकवत सरकवत परत वेळ जुळवायची. आता वीज माझ्या कोपरापासनं बोटापर्यंत येते.

क्रांती ट्यूबलाईट हातात धरून उभी राहते. वायर नाही काही नाही, नुसती धरायची, आणि ती पेटते. पहिल्यांदा धरली तेव्हा मला म्हणाली, "मी मेले तर मामाला सांग, सापाचं सोंग धुऊन ठिवलंय."

"कशाला मरतीस?"

"तुझं तोंड बघून वाटतंय तसं."

मेली नाही. उलट तिला काही झालंच नाही. दादा, ह्याची गंमत अशी आहे की ही वरची वीज दुखत नाही. इतक्या जोरात येते-जाते की अंगाला कळायच्या आत निघून गेलेली असते. क्रांतीनं बोट पुढं केलं, ठिणगी बोटावर पडली, ती हसायला लागली. "मुंगीबी चावत न्हाई रं."

पण खालची वीज तसली नाही. खालच्या नळीत ट्रान्सफॉर्मरचे पंधरा हजार कच्चे आहेत, तुझ्या खांबावरच्यासारखेच. वरची वीज कधी कधी उलटी फिरून खालच्या नळीवरच पडते. एकदा तशी पडली आणि दोन बाटल्या फुटल्या. मग माझ्या डोक्यात आलं की ती उलटी पडते तेव्हा दोघींच्या मधे पूल तयार होतो, आणि त्या पुलावरनं खालचीही वर चढू शकते. त्या वेळी वर कुणी हात लावून असेल तर?

म्हणून मी खालच्या नळीच्या वर वीतभर अंतरावर एक जाड तांब्याचं कडं बसवलं आणि ते सरळ सळईला जोडलं. वरनं खाली पडणारी वीज आधी कड्यावर पडते आणि जमिनीत जाते. कड्याची दोन टोकं जुळवायची नाहीत, फट ठेवायची, नाहीतर तेच सगळी ताकद खातं. हे मला कुणी शिकवलं नाही, कडं तापून लाल व्हायला लागलं तेव्हा कळलं.

क्रांती म्हणाली, "माज्यासाटी केलंस व्हय? मग जरा बारीक करायचं हुतंस, हातात घातलं असतं."

तुला हे सगळं लिहितोय कारण बरोबर का चूक ते सांगणारं इथं कुणी नाही. बांधून घातल्यासारखं दुकानात बसवत नाही मला, तुला माहीत आहे. पण हे यंत्र मी सोडून पळालेलो नाही. एवढं बघ.

जित्या


मुरगूड
२१ जानेवारी २००२

दादा,

तुझं कार्ड गणपतरावांच्या दुकानावरनं फिरत फिरत आलं. दोनच ओळी. 'कडं कुठल्याही कारणानं काढू नकोस. मुलगी कोण आहे?' मी ते बऱ्याच वेळा वाचलं. खाली 'तुझा दादा' लिहिलं नाहीस, नुसतं धम्मपाल लिहिलंस. तरी पण आलं.

मुलगी कोण ते लिहिलंय पहिल्याच पत्रात. तू भलताच अर्थ काढू नकोस. ती माझ्याशी बोलते ते शिव्या देण्यापुरतं.

आता ती ट्यूबलाईट धरत नाही. चिनी मातीच्या पायांवर स्टूल ठेवलंय, त्यावर बसते, एक हात परातीवर ठेवते आणि दुसऱ्या हाताचं बोट वर करते. वीज तिच्या बोटातनं सुटते. बोटावर पांढरे ठिपके पडायला लागले होते, म्हणून शिंप्याचं लोखंडी टोपण घातलंय, आता टोपणातनं सुटते. ती स्टुलावर बसली की झोक्याची वेळ पुन्हा बदलते, कारण तिचं अंगही यंत्रातच धरलं जातं. म्हणून ती बसलेली असतानाच मी चिमटा जुळवतो. दुसरं कुणी बसलं तर चालणार नाही. यंत्र आता क्रांतीच्या अंगाला लावलेलं आहे.

दुसरा निऑन ट्रान्सफॉर्मर पहिल्याच्या जोडीला लावला. ताकद दुप्पट. केरबा मामा तरी कुरकुरत होता. "सगळी ईज खाली कड्यावरच पडत्या की रं. लोकांनी पोरगी बघायची का तुजं कडं?" मी म्हणालो त्याचं मी बघतो. आता त्याची तक्रार नाही. वीज थेट तंबूच्या मधल्या डांबापर्यंत जाते, पुढं बसलेली माणसं मागं सरकतात. तुला काळजी नको. कडं आहे.

परवा एक म्हातारी खेळ संपल्यावर पुढं आली आणि क्रांतीच्या पायाला हात लावला. क्रांतीला वाटलं चप्पल शोधत्या. म्हातारीनं ओटीतनं हळद काढून तिच्या पायावर वाहिली आणि गेली.

नंतर क्रांती पडद्यामागं बसली होती. मी म्हणालो, "काय गं देवी?"

हसली नाही. म्हणाली, "नागकन्या हुते तवा पोरं सुपाऱ्या मारायची. डोळ्यावर नेम धरायची. माजं मुंडकं खरं का रबराचं बघायला." मग पायाकडं बघत, "त्या म्हातारीचा हात कसा गार हुता बघ."

इथं थंडी बरीच आहे. तुमच्याकडं जास्त असेल. काजूला मोहर आला का?

जित्या


(गावाचं नाव लिहीत नाही, मुरगूडच्या पुढं)
२२ फेब्रुवारी २००२

दादा,

मी मागच्या पत्रात खोटं लिहिलं. कडं मुरगूडच्या आधीच काढलंय. टेम्पोत चटयांच्या खाली पडलंय. कडं काढल्याशिवाय वीज डांबापर्यंत जाते का, हे तुला तेव्हाच कळलं असणार.

काढलं तेव्हा मला वाटलं की चिमटा नीट लावला, पाईप कोरडा आणि स्वच्छ ठेवला, तर वीज वरच राहील, खाली यायचं तिला कारण नाही. महिनाभर तसंच झालं. प्रत्येक खेळाआधी मी पाईप कोरड्या फडक्यानं पुसत होतो. आता ते जमत नाही. नीट सांगतो.

ही देवीची जत्रा आहे, भंडाऱ्याची. माणसं मुठी भरभरून हळद उधळतात. रस्ता पिवळा, बैल पिवळे, चहातसुद्धा भंडारा. आमचा तंबू देवळाच्या वाटेवर आहे. पहिल्या दिवशी क्रांतीच्या बोटातनं वीज सुटली आणि कुणीतरी मागनं 'उदं गं आई' म्हटलं. दुसऱ्या दिवसापासनं माणसं तिकीट काढून दर्शनाला यायला लागली. क्रांतीवर भंडारा, स्टुलावर भंडारा, यंत्रावर भंडारा. केरबा मामानं पाटी बदलली, हिरवं लुगडं आणलं.

दादा, हळदीची पूड त्या तारेवर बसते आणि माणसांच्या श्वासानं, नारळाच्या पाण्यानं ओलसर होते. अंधार केला की मला दिसतं, पाईपच्या अंगावरनं बारीक निळ्या रेघा खाली उतरायला लागल्यात. रोज थोड्या जास्त खाली. वरची वीज खालच्या नळीकडं वाट काढत्या. त्या पोचल्या की पूल झाला. आणि वर क्रांतीचा हात.

मी पुसायला गेलो तर एका बाईनं माझा हात धरला. "भंडारा पुसायचा नसतोय बाबा." मी म्हणालो मावशी, हे यंत्र आहे. तेवढ्यात देवळाचे मानकरी जोतीराम आण्णा आले. चांगला माणूस, आम्हाला पाण्याची सोय त्यांनीच करून दिली.

"पावणं, कुटलं म्हणायचं?"

"कागल तालुक्यातला."

"आडनाव?"

"कांबळे."

त्यांनी मान हलवली. माझ्या खांद्यावर हात ठेवायला आलेला तो खिशात घातला. "मशीन झकास केलंय तुमी. आता जरा लांबनं बघा. देवीच्या वस्तूला हात न्हाई लावायचा, एवडंच."

तुमी म्हणाले. रागानं बोलले असते तर मी भांडलो असतो.

केरबा मामाला माझं आडनाव पहिल्यापासनं माहीत आहे, एका ताटात जेवलोय आम्ही. तो म्हणाला, "मशीनला आडनाव नसतंय रं जित्या, पर जत्रंला असतंय. चार दिस कळ काड."

"मग तू पूस."

"मी पुसलं तर तंबू जाळतील."

"मग कडं तरी बसव."

"कडं बसवलं तर ईज खाली पडायची. देवी खाली पडत्या व्हय?"

तेव्हापासनं मला आत सोडत नाहीत. मी जनरेटरजवळ बसतो. मी बनवलेलं यंत्र मला पडद्याच्या फटीतनं बघावं लागतं.

क्रांतीला सांगितलं. ती चुलीजवळ भाकरी करत होती. म्हणालो, दुखत नाही म्हणजे लागत नाही असं नाही, आणि खालची चढली तर दुखायलाही वेळ मिळणार नाही. ती ऐकत भाकरी उलटत होती. उलटून झाली तरी तिची बोटं तव्यावरच होती. मला वास आला तेव्हा मी तिचा हात ओढला. तिनं बोटांकडं असं बघितलं, जणू ती दुसऱ्या कुणाची आहेत.

"उतर गं आता," मी म्हणालो. "सोड हे."

"उतरून कुटं जाऊ? सापात?" मग म्हणाली, "जोतीराम आण्णाची बायको रोज माज्या पाया पडत्या. तिच्या सुना बी. तुला न्हाई कळायचं." आणि तवा उतरवत, "तुला तर कळाय पायजे."

तू बोर्डात सांगून इथली लाईन तोडायला लावशील, हे मनात आलं. उपयोग नाही, जनरेटर आहे. तुला यायला सांगावं असंही मनात आलं. तू खांबावर चढलेला माणूस, तू सांगितलंस तर कदाचित ऐकतील. मग आठवलं, तुझंही आडनाव कांबळेच की.

उद्या मोठा दिवस आहे. निळ्या रेघा काल चिमट्याच्या वर चार बोटांवर होत्या. उद्या काय करायचं ते मी ठरवलंय. तुला लिहीत नाही, तू नको म्हणशील.

जित्या


कोल्हापूर, दवाखाना
३ मार्च २००२

दादा,

डावा हात प्लास्टरमधे आहे, उजव्यानं लिहितोय. बरगड्यांचं आपोआप जुळतं म्हणे. शेजारच्या खाटेवर एक आकाराम म्हणून पैलवान आहे, पाय मोडलाय, दिवसभर मला शेंगदाणे खायला घालतो आणि नर्सला ताई म्हणायच्या ऐवजी वस्ताद म्हणतो. त्याचं सांगत बसलो तर मुद्द्याचं राहील. राहू दे असंच वाटतंय, पण लिहितो.

त्या दिवशी मी तिकीट काढून रांगेतनं आत गेलो. क्रांती स्टुलावर बसली होती, लुगडं पिवळं झालेलं. जनरेटर अजून चालू केला नव्हता. मी दोरी ओलांडली, चौथऱ्यावर चढलो आणि अंगातला शर्ट काढला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मी प्रसेनजीत कांबळे. हे यंत्र मी केलंय. रोज मीच पुसत होतो." आणि शर्टानं पाईप पुसायला लागलो. वरनं खाली, नीट, तार न दुखावता.

मला माहीत होतं काय होणार. भंडारा पुसला म्हणून राग येईल, पण माझा हात लागला म्हणून यंत्रातली देवी जाईल. त्यांच्याच हिशोबानं जाईल. मग क्रांतीला कुणी बसवणार नाही.

तंबूत एवढी माणसं, पण मला फडक्याचा आवाज ऐकू येत होता. पुढच्या एका बाईनं पुढं केलेला नारळ परत पदरात घेतला. क्रांती हळूच म्हणाली, "जित्या, सरक. मारतील." आणि मग ती स्टुलावरनं उतरली. मला एवढंच पाहिजे होतं. पहिली चपराक बसली तेव्हा खरं सांगतो, मला बरं वाटत होतं.

पुढचं मी बघितलेलं नाही. मला टेम्पोतनं इथं आणून टाकलं होतं. पुढचं क्रांतीनं सांगितलं. ती काल आली होती.

मला वाटलं होतं की माझा हात लागला की संपलं. ते संपत नाही, दादा. ते धुता येतं. हे मला कसं सुचलं नाही? आपल्याला माहीत नाही असं आहे का हे?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी यंत्र शुद्ध केलं. आधी गोमूत्र, मग दूध, मग नारळाचं पाणी. वरनं परत भंडारा. जोतीराम आण्णांनी स्वतः कळशी ओतली, मनापासनं ओतली असणार. पाईप भिजला, बाटल्या ठेवलेला टब भिजला, स्टूल भिजलं, खालची माती भिजली. दुपारी क्रांतीला परत लुगडं नेसवून आणलं. माणसं देवळापर्यंत उभी होती.

ती स्टुलाकडं निघाली तर केरबा मामानं तिला अडवलं.

"थांब. आदी मी बसतो."

"तू कशाला? लोक हसतील."

"हसू देत. ते पोरगं मार खाऊन बी तेच म्हणत हुतं. खरं का खोटं बघू दे मला." चपला काढून तो स्टुलावर बसला. परातीवर हात ठेवला, दुसऱ्या हातानं टोपी नीट केली. क्रांतीला म्हणाला, "दाब बटण. मी ओरडलो तर बंद कर."

त्यानं ओरडायची वाट बघत ती बटणावर हात ठेवून उभी राहिली. तो ओरडलाच नाही.

पोलिसांनी अपघात म्हणून लिहून घेतलंय. गावात म्हणतात देवी कोपली, कुणाच्या हातानं बाटली ते सगळ्यांना माहीत आहे. ओल्या पाईपचं कुणी बोलत नाही. बोलायचं तर मीच, आणि मला तिकडं कोण येऊ देणार. यंत्र ओढ्यात टाकलं म्हणे. तांब्याची नळी तेवढी कुणीतरी काढून घेतली आधी.

क्रांती खाटेच्या कडेला बसली होती. रडत नव्हती. बोटांना चिंध्या बांधलेल्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मामाला मी सांगितलं हुतं गं."

"गप," ती म्हणाली. "मला नीट सांगू दे. आट दिस मी ह्येच बघत बसलीया." आणि हिशोब मांडावा तशी सांगायला लागली. "तू पुसलं नसतंस तर त्यांनी धुतलं नसतं."

"व्हय."

"धुतलं नसतं तर मामाला भ्या वाटलं नसतं. मामा बसला नसता."

"व्हय."

"त्या रेगा किती वर हुत्या म्हणालास?"

"चार बोटं."

"म्हंजी त्या दिशी न्हाईतर दुसऱ्या दिशी. पोचणारच हुत्या."

मी मान हलवली.

"मग तवा कोण बसलेलं असतं?"

आकारामनं शेंगदाणे चावायचे थांबवले होते.

"मी," ती म्हणाली.

मला वाटलं आता उठून जाईल. गेली नाही. चिंध्या बांधलेले हात मांडीवर ठेवून दिवे लागेपर्यंत तिथंच बसून राहिली, आणि मीही तिला जा म्हणालो नाही.

दादा, येऊ नकोस असं लिहिणार होतो. ते लिहीत नाही.

जित्या